रक्ताच्या रिपोर्टात पाण्याचा वाटा

एक निवृत्त शिक्षक हातात रिपोर्टचा कागद घेऊन माझ्याकडे आले. वय साठीच्या पुढचे, चेहरा पार उतरलेला. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी एका लॅबमध्ये रक्त तपासून घेतले होते आणि त्यात कॅल्शियम १३.८ निघाले होते. रक्तातील कॅल्शियमचे सर्वसाधारण प्रमाण १०० मिलिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम इतके असते. एवढे वाढलेले कॅल्शियम म्हणजे गळ्यातील पॅराथायरॉईड ग्रंथीची गाठ किंवा हाडांत पसरलेला कर्करोग असू शकतो, असे त्यांच्या भाच्याने कुठेतरी वाचून त्यांना सांगितले होते. भाचा खोटे बोलला नव्हता. ही दोन्ही कारणे खरी आहेत आणि म्हणूनच गुरुजी तीन रात्री झोपले नव्हते.

मी त्यांना तपासले. तहान वाढलेली नाही, लघवी जास्त होत नाही, पोट साफ होते, भूक उत्तम, बोलणे नेहमीसारखे खणखणीत. कॅल्शियम १३.८ असलेला माणूस सहसा इतका ठणठणीत नसतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये नव्याने रक्त दिले. उत्तर आले ९.४.

मग पहिल्या लॅबच्या चालकांना भेटलो. गृहस्थ प्रामाणिक होते. त्यांनी वही काढून पाहिली. त्या दोन दिवसांत वीज नव्हती, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र बंद होते, म्हणून मदतनीस मुलाने तपासणीच्या काचेच्या नळ्या शेवटी बोअरच्याच पाण्याने खंगाळून पालथ्या घातल्या होत्या. ‘‘पण डॉक्टर, पाणी अगदी स्वच्छ होते हो. उकळून गाळून घेतलेले. आम्ही सगळे तेच पितो,’’ असे ते म्हणाले.

सगळा घोटाळा याच वाक्यात आहे. पिण्यासाठी स्वच्छ असलेले पाणी आणि तपासणीसाठी स्वच्छ असलेले पाणी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पिण्याच्या पाण्यात आपण काय बघतो? रोगजंतू नसावेत, विषारी द्रव्ये नसावीत, चव आणि वास बरा असावा. त्यात विरघळलेले क्षार असले तर बिघडत नाही. उलट पाण्याला चव येते ती त्यांच्यामुळेच. पाणी उकळले की जंतू मरतात, थोडा चुना भांड्याच्या तळाशी बसतो, पण बाकीचे क्षार जागच्या जागी राहतात. लॅबला नेमके हेच क्षार नको असतात, कारण रक्तात ती जे मोजायला बसते तेच पदार्थ पाण्यातही असतात.

कॅल्शियमचेच पाहा. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००) एका लिटरमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत कॅल्शियम असलेले पाणी चांगले, आणि दुसरी सोय नसेल तर २०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे आहे. आता रक्ताचा हिशेब लिटरवर आणा. ८.५ ते १०.५ चे झाले लिटरमागे ८५ ते १०५ मिलिग्रॅम. म्हणजे आपल्याकडच्या जड पाण्याच्या बोअरमध्ये रक्ताइतकेच, कधी रक्ताहून जास्त कॅल्शियम असू शकते, आणि तरीही ते पाणी पिण्यास योग्यच ठरते!

पुढची गंमत अशी, की हल्ली तपासणीला रक्त फार थोडे लागते. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटते, त्याला सीरम म्हणतात. कॅल्शियमसाठी बहुधा १० मायक्रोलिटर सीरम घेऊन एक मिलिलिटर रसायनात मिसळतात आणि किती रंग येतो ते यंत्रावर मोजतात. १० मायक्रोलिटर म्हणजे एका थेंबाचा साधारण पाचवा हिस्सा. खंगाळलेल्या नळीच्या तळाशी बोअरच्या पाण्याचा इतकाच अंश राहिला, तर त्या नळीत रुग्णाच्या रक्तातून जेवढे कॅल्शियम आले जवळपास तेवढेच पाण्यातूनही आले. मग ९ चे १८ दिसू शकते. पाणी वाळून गेले तरी सुटका नाही. पाणी उडून जाते, क्षार काचेला चिकटून राहतो. स्टीलच्या तांब्यावर वाळलेल्या थेंबांचे पांढरे डाग आपण रोज पाहतो, तोच प्रकार. गुरुजींच्या नळीत थेंबाचा पाचवा हिस्साही नव्हता, त्याच्या निम्म्यानेच काम केले.

आणखी एक लक्षात घ्या. रसायनच खराब पाण्याने तयार केले असेल, तर सगळेच रिपोर्ट एका बाजूला झुकतात आणि जागरूक तंत्रज्ञाला संशय येतो. नळीतला थेंब मात्र एखाद्याच रुग्णाच्या वाट्याला येतो. त्या दिवशीचे बाकी रिपोर्ट बरोबर असतात, त्यामुळे कोणाला काही कळत नाही.

कॅल्शियमप्रमाणेच मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराईड आणि लोह यांच्या तपासण्यांत पाणी घोळ घालते. जुन्या लोखंडी नळातून गंज उतरत असेल तर रक्तातील लोहाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण ते प्रमाण मुळातच फार सूक्ष्म असते. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो जंतू मारतो ते ऑक्सिडीकरण करून. रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या प्रचलित तपासणीत रंग येतो तोही ऑक्सिडीकरणानेच. म्हणजे क्लोरीन तेथेही मध्ये तोंड घालू शकतो.

थुंकीची काचपट्टी

कॅल्शियमचा आकडा चुकला तर दुसऱ्यांदा रक्त देऊन निभावते. क्षयरोगाच्या तपासणीत पाण्याची चूक जास्त महागात पडू शकते.

क्षयाच्या जंतूंवर मेणासारखे आवरण असते. थुंकीची काचपट्टी लाल रंगाने रंगवून नंतर आम्लाने धुतली, तर बाकी सगळ्याचा रंग जातो आणि क्षयाचे जंतू तेवढे लाल काड्यांसारखे उरतात. तपासणी सोपी आणि स्वस्त आहे, तिने असंख्य रुग्ण शोधून दिले. अडचण एवढीच, की त्याच कुळातले काही निरुपद्रवी भाऊबंद माती-पाण्यात राहतात. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात आणि तोटीला लावलेल्या रबरी नळीत ते चांगले मुक्काम ठोकतात. क्लोरीनला ते सहजासहजी दाद देत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली तेही लाल काड्यांसारखेच दिसतात. रंग करायला किंवा काचपट्टी धुवायला असे पाणी वापरले, तर ज्याला क्षय नाही त्याच्या काचपट्टीवरही लाल काडी सापडू शकते.

पुढचे वाचकांना सांगायला नको. सहा महिन्यांची औषधे, त्यांचा यकृताला होऊ शकणारा त्रास, घरातल्या वेगळ्या ताटवाट्या, आणि लग्नाच्या वयाची मुलगी असेल तर गावभर कुजबुज. म्हणूनच क्षयरोग कार्यक्रमातील प्रयोगशाळांना रंग शुद्ध पाण्यातच करावा, तो गाळून घ्यावा, आणि रंगाची नवी बाटली काढली की आधी खात्रीची एक दोषी व एक निर्दोष काचपट्टी रंगवून पाहावी, असे शिकवलेले असते. सरकारी केंद्रातला तंत्रज्ञ हे सगळे करताना वेळ लावतो, तेव्हा त्याच्यावर डाफरू नये. आता जंतूंचा जनुकीय अंश ओळखणाऱ्या सीबीनॅट आणि ट्रूनॅट या तपासण्याही उपलब्ध आहेत, त्यांत असा गोंधळ होण्याचा संभव फार कमी. काचपट्टीच्या निकालाविषयी शंका असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावे.

हिवतापाच्या काचपट्टीत तऱ्हा उलटी असते. येथे पाण्याचा आम्ल-अल्क समतोल नेमका लागतो, साधारण ७.२ च्या आसपास. पाणी आम्लधर्मी असले तर रंग फिका चढतो आणि तांबड्या पेशीत दडलेला हिवतापाचा परजीवी नीट उठून दिसत नाही. असलेला रोग ‘नाही’ म्हणून सुटून जातो. या बाबतीत निव्वळ शुद्ध पाणीही पुरत नाही. शुद्ध पाणी उघडे राहिले की हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून घेते आणि किंचित आम्ल होते. म्हणून त्यात समतोल राखणारे क्षार मोजून टाकावे लागतात. आधी सगळे क्षार काढायचे आणि मग हवे तेवढेच घालायचे!

पाणी शुद्ध होते कसे

सर्वांत जुनी रीत ऊर्ध्वपातनाची. पाणी उकळायचे, वाफ गार नळीतून न्यायची आणि जमलेले थेंब गोळा करायचे. वैद्य मंडळी अर्क काढतात तो असाच. (हातभट्टीवालेही हेच करतात, पण तो विषय या सदराचा नव्हे.) क्षार मागे भांड्यात राहतात. यालाच आपण डिस्टिल्ड वॉटर म्हणतो. रीत भरवशाची, पण वीज खाणारी. शिवाय वाफ गार करायला एक लिटरमागे कितीतरी लिटर पाणी वाहून जाते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा नळ येणाऱ्या गावात हे परवडत नाही.

दुसरी रीत रेझिनची. हे वाळूसारखे बारीक मणी असतात. एका जातीचे मणी कॅल्शियम, सोडियम यांसारखे धनभारित कण पकडतात, दुसऱ्या जातीचे क्लोराईड, सल्फेट यांसारखे ऋणभारित कण पकडतात, आणि त्यांच्या बदल्यात पाण्याचेच घटक सोडतात. मणी भरून गेले की आम्ल आणि कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा कामाला लावतात. क्षार काढण्यात ही रीत उत्तम, मात्र जंतू ती काढत नाही. फार दिवस न बदललेल्या मण्यांत जंतूंची वसाहतच होते.

तिसरी रीत आता घरोघर पोचली आहे, ती आरओ. पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलायचे. पडदा चांगला असेल तर बहुतेक क्षार अडतात, पण सगळे अडत नाहीत. घरच्या यंत्रात तर चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा क्षार परत मिसळण्याचीही सोय असते. म्हणून घरच्या आरओचे पाणी प्यायला ठीक, लॅबला नाही. मोठ्या प्रयोगशाळांत या सगळ्या रीती एकापुढे एक जोडतात. आधी आरओ, मग रेझिन, मग अतिनील दिवा आणि शेवटी ०.२२ मायक्रॉन छिद्रांची गाळणी.

पाणी किती शुद्ध झाले हे डोळ्यांना दिसत नाही. ते विजेवर मोजतात. पाण्यातून वीज वाहते ती मुख्यतः क्षारांमुळे. क्षार कमी तेवढी वीज कमी वाहते. साध्या नळाच्या पाण्याचा आकडा काहीशे मायक्रोसीमेन्स असतो. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे प्रयोगशाळेच्या पाण्याच्या तीन प्रती आहेत. तिसऱ्या प्रतीला हा आकडा सेंटिमीटरमागे ५ च्या आत हवा, दुसरीला १ आणि पहिलीला ०.१ च्या आत. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १०७० हे यासाठीचे मानक आहे. अगदी निखळ पाणी, ज्यात पाण्याशिवाय काहीच नाही, त्याचाही आकडा शून्य होत नाही. २५ अंश तापमानाला तो ०.०५५ इतका राहतो, कारण पाण्याचे थोडे रेणू आपोआप फुटून भारित होतात.

पण या मीटरलाही एक आंधळी बाजू आहे. जंतू त्याला दिसत नाहीत. आकडा उत्तम असलेल्या पाण्यातही जंतू भरलेले असू शकतात. म्हणून रुग्णांच्या तपासण्या करणाऱ्या लॅबच्या पाण्यात मिलिलिटरमागे वाढू शकणारे जंतू दहापेक्षा कमी असावेत, अशी वेगळी अट अमेरिकेतील मानकसंस्थेने घातली आहे.

मेलेल्या जंतूंचा ताप

जंतू उकळून मारले की काम झाले, असे आपल्याला वाटते. पूर्वी डॉक्टरांनाही तसेच वाटे. शिरेतून इंजेक्शन दिले की काही रुग्णांना थंडी वाजून ताप भरे. डिस्टिल्ड वॉटर वापरले, ते निर्जंतुक केले, तरी ताप येई. दोष औषधाचा की रुग्णाच्या प्रकृतीचा, यावर वाद चालत.

हा गुंता फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकी संशोधक महिलेने सोडवला. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्या लंगडत चालत. १९२०च्या दशकाच्या आरंभी येल विद्यापीठात डॉक्टरेटसाठी काम करताना, प्रथिने टोचल्यावर येणाऱ्या तापाचा त्या अभ्यास करीत होत्या. ताप प्रथिनांमुळे नसून ती ज्या पाण्यात विरघळवली त्या पाण्यामुळे येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पाण्यात वाढलेल्या जंतूंचे अवशेष जंतू मेल्यावरही शिल्लक राहतात आणि तेच ताप आणतात. मग डिस्टिल्ड पाण्यात ते येतात कसे? भांड्यात पाणी खदखदू लागले की वाफेबरोबर बारीक तुषारही उडतात आणि ते सरळ पलीकडे जातात. सायबर्टबाईंनी वाफेच्या वाटेत हे तुषार अडवणारी योजना केली आणि ताप थांबला.

हे अवशेष नेहमीच्या उकळण्याने जात नाहीत, निर्जंतुक करण्याच्या दाबयंत्रातही पुरते जात नाहीत. काचेची भांडी त्यांपासून मुक्त करायला २५० अंशांच्या कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवावी लागतात. म्हणून इंजेक्शनच्या पावडरीत घालायचे पाणी वेगळे असते, सीलबंद असते आणि ते फोडले की लगेच वापरायचे असते. बाटलीतले उरलेले पाणी उद्यासाठी ठेवा, असा आग्रह काटकसरी नातेवाईक कधीकधी धरतात. तो धरू नये.

याच सायबर्टबाईंनी पुढे क्षयाच्या जंतूपासून ट्युबरक्युलीन शुद्ध करण्याची रीत बसवली. हातावर टोचून तीन दिवसांनी गाठ मोजतात ती मांटू तपासणी त्याच शुद्ध ट्युबरक्युलीनवर चालते. शुद्ध पाण्यावर हात बसलेल्या बाईने पुढे तपासणीचे द्रव्यही शुद्ध केले, हे मला मोठे अर्थपूर्ण वाटते.

लॅबमध्ये प्रत्यक्ष

पाणी शुद्ध करण्यापेक्षा ते शुद्ध ठेवणे कठीण. खिडकीत उन्हात ठेवलेला पांढरा कॅन, त्याच्या आतल्या बाजूला हिरवट झाक, तोंडात खुपसलेली वर्षानुवर्षांची रबरी नळी, हे चित्र मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. जुन्या पाण्यावर नवे पाणी ओतत राहिले की तळाचे जंतू कधीच हटत नाहीत. कॅन रिकामा करून धुवावा, भरल्याची तारीख वर लिहावी, आणि पाणी शिळे झाले की फेकून द्यावे. एवढ्याला खर्च येत नाही. साधा विजेवर मोजणारा मीटरही आता आवाक्यात आहे, रोज सकाळी आकडा वहीत टिपायला दोन मिनिटे लागतात.

काही ठिकाणी गॅरेजमधले बॅटरीचे पाणी आणून वापरतात. त्यात क्षार कमी असतात हे खरे, पण ते बॅटरीसाठी केलेले असते. जंतूंचा विचार त्यात कोणी केलेला नसतो. हे पाणी पिऊन चालेल का, असे एका वाचकाने विचारले होते. चालणार नाही. घोटभर चुकून गेले तर घाबरू नये, पण ते पिण्यासाठी भरलेलेच नसते.

रुग्णाने यात काय करावे? लॅबमध्ये जाऊन पाण्याचा कॅन दाखवा म्हणणे बरे दिसणार नाही. पण गुणवत्तेची बाहेरून तपासणी होते का, हे नम्रपणे विचारता येते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था देशभरातल्या लॅबना नमुने पाठवून त्यांची उत्तरे पडताळून पाहतात. छोट्या गावातली लॅबही त्यात भाग घेऊ शकते आणि अनेक घेतात. एनएबीएल ही मान्यता असेल तर उत्तमच, ती ऐच्छिक आहे. आणि रिपोर्टातला आकडा फारच वेगळा आला, पण तब्येतीत त्याची काही खूण नाही, तर उपचार सुरू करण्यापूर्वी नवे रक्त देऊन तपासणी पुन्हा करण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. शक्यतो दुसऱ्या ठिकाणी करावी. मात्र त्रास असेल, तर आकडा पाण्यामुळे वाढला असेल असे समजून घरी बसून राहू नये.

एक गोष्ट मात्र पूर्णपणे आपल्याच हातात असते, ती म्हणजे लघवीची बाटली. घरातली बाटली धुऊन आणतात, तिच्यात मधाचा किंवा औषधी पाकाचा अंश राहिला तर लघवीत साखर दिसू शकते. ब्लीचिंग पावडरीच्या पाण्याने धुतली तर पट्टीवर रक्त असल्याची खोटी खूण उमटते. नळाच्या पाण्याने खंगाळली तर जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत नळातलेच जंतू वाढतात. लॅबकडून पाच-दहा रुपयांची कोरडी बाटली मागून घ्यावी, ती धुऊ नये, झाकण आतून हाताळू नये, आणि नमुना भरला की दोन तासांच्या आत पोचवावा.